रक्ताच्या कर्करोगावरील जनुकोपचार : पवईतील एका संशोधनाची वाटचाल

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शिराळा हे गाव नागपंचमीसाठी साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. जिवंत नागांच्या पूजेची व मिरवणुकीची येथील प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे तीवर निर्बंध आले. तरीही नागाविषयीची जाण आणि सर्पदंशाविषयीची सावधगिरी या परिसरात टिकून आहे. साप चावला की मंत्र-तंत्रात वेळ न दवडता दवाखाना गाठावा आणि प्रतिविषाची लस टोचून घ्यावी, हे येथील शाळकरी मुलांनाही सांगावे लागत नाही.

ही लस कशी तयार होते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांचे विष अत्यल्प प्रमाणात घोड्याला टोचतात व ते प्रमाण क्रमाक्रमाने वाढवीत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषाचा प्रतिकार करण्यासाठी आपल्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. ही प्रतिपिंडे वेगळी काढून शुद्ध केली की लस तयार होते. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी जोडले गेले आहे. प्लेगच्या संशोधनासाठी १८९९ साली परळ येथे आलेल्या प्रयोगशाळेतून ही संस्था वाढली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

शरीराची स्वतःची संरक्षणशक्ती हेच औषध, हा या लसीमागील विचार होय. त्याच विचाराचे एक पुढचे पाऊल गेल्या काही वर्षांत मुंबईतच टाकले गेले. रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांवर भारतात विकसित झालेला पहिला जनुकोपचार पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झाला. या कामाचे प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. राहुल पुरवार यांच्या संशोधनाची वाटचाल आणि सामान्य नागरिकाच्या दृष्टीने तिचा अर्थ, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जनुक म्हणजे काय?

प्राणिमात्रांचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. प्रत्येक पेशीने कोणते काम करावे, कोणते प्रथिन तयार करावे, याच्या सूचना तिच्या केंद्रकात लिहिलेल्या असतात. अशा एकेका सूचनेला स्थूलमानाने जनुक म्हणतात. एका सजीवाचे जनुक काढून दुसऱ्या सजीवाच्या पेशीत बसविण्याच्या विद्येला जनुक-अभियांत्रिकी हे नाव आहे.

ही विद्या ग्रामीण वाचकाला वाटते तितकी अपरिचित नाही. मधुमेहाच्या रुग्णांना टोचले जाणारे मानवी इन्शुलिन १९८२ पासून जीवाणूंच्या पेशीत मानवी जनुक बसवून तयार केले जाऊ लागले. प्राथमिक आरोग्य केंद्रात बालकांना दिली जाणारी कावीळ ‘ब’ची लस याच विद्येतून आली. २००२ साली आपल्या देशात परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीत जमिनीतील एका जीवाणूचे जनुक आहे, हे तर शेतकऱ्यांना माहीतच आहे.

या सर्व उदाहरणांत जनुक बसविले गेले ते जीवाणूत, किण्वपेशीत किंवा वनस्पतीत. रुग्णाच्याच पेशीत नवे जनुक घालून रोग बरा करणे, हा जनुकोपचार होय, आणि ते काम फार अवघड आहे. पेशीचे आवरण भेदून नेमक्या ठिकाणी जनुक पोहोचवावयाचे कसे, हा त्यातील पहिला प्रश्न.

विषाणूचा उपयोग

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना विषाणूंमध्ये सापडले. पेशीत शिरून तेथे आपली जनुके सोडणे हाच विषाणूचा स्वभाव असतो. त्यातील रोग निर्माण करणारी जनुके काढून टाकली आणि त्यांच्या जागी उपयोगी जनुक ठेवले, तर रोगवाहक विषाणू औषधाचा वाहक बनू शकतो. नागाच्या विषावर नागाच्याच विषाच्या साहाय्याने उतारा तयार करावा, तसाच हा प्रकार आहे.

विचार सोपा असला तरी वाट सोपी नव्हती. १९९० साली अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवर जनुकोपचाराचा पहिला अधिकृत प्रयोग झाला. १९९९ मध्ये अशाच एका प्रयोगात अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू ओढवला. त्यानंतर फ्रान्समधील एका प्रयोगात, जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली बालके बरी झाली खरी, पण त्यांपैकी काहींना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. विषाणूने नेलेले जनुक नको त्या जागी जाऊन बसल्याचा तो परिणाम होता. या घटनांमुळे संशोधन काही काळ मंदावले आणि अधिक सुरक्षित वाहक शोधण्याकडे लक्ष वळले.

आज रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात बहुधा लेंटिव्हायरस या गटातील विषाणूचा वाहक म्हणून उपयोग करतात. एड्‌सचा विषाणू याच कुळातील आहे. हे वाचून दचकण्याचे कारण नाही. वाहक तयार करताना त्याची जनुके तोडून निरनिराळ्या तुकड्यांत वेगळी ठेवलेली असतात. त्यामुळे तो पेशीत एकदा शिरू शकतो, पण तेथे आपली प्रजा वाढवू शकत नाही आणि एड्‌स तर मुळीच निर्माण करू शकत नाही.

नृसिंहरूपी ग्राहक

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींत टी-पेशी व बी-पेशी असे दोन महत्त्वाचे प्रकार आहेत. बी-पेशींच्या वर्गातून प्रतिपिंडे निर्माण होतात. टी-पेशी रोगग्रस्त पेशींना ओळखून त्यांचा प्रत्यक्ष नाश करतात. बी-पेशीच बिघडून अमर्याद वाढू लागल्या की एका प्रकारचा रक्ताचा किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग होतो. या पेशी शरीराच्या स्वतःच्याच असल्याने टी-पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखत नाहीत. घरचाच चोर पहारेकऱ्याला दिसू नये, अशी ही स्थिती असते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस इस्राएलमधील शास्त्रज्ञ झेलिग एशार यांनी यावर एक युक्ती सुचविली. शत्रूला अचूक ओळखून धरणारे प्रतिपिंडाचे टोक आणि पेशीला हल्ल्याची आज्ञा देणारा टी-पेशीचा भाग हे दोन्ही जोडून त्यांनी एक नवा ग्राहक तयार केला. नर आणि सिंह यांची रूपे एकवटलेल्या नृसिंहासारखा हा संमिश्र ग्राहक होय. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या उपचाराला ‘कार-टी’ हे नाव पडले.

उपचाराची रीत अशी असते. यंत्राच्या साहाय्याने रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी त्यांत संमिश्र ग्राहकाचे जनुक घालतात. काही दिवस पोसून त्यांची संख्या वाढवितात आणि शुद्धतेच्या सर्व चाचण्या झाल्यावर त्या त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडतात. बी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-१९ नावाची एक खूण असते. ती दिसताच या नव्या टी-पेशी हल्ला करतात. २०१२ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे इतर सर्व उपाय थकलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीवर हा उपचार यशस्वी झाला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने या प्रकारच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली. त्याची किंमत होती पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये.

एका शास्त्रज्ञाची वाटचाल

हा आकडा भारतीय रुग्णांना निराश करणारा होता. परंतु त्यापूर्वीच पवई येथे एका प्रयोगशाळेत काम सुरू झालेले होते.

डॉ. राहुल पुरवार यांनी जर्मनीतील हॅनोवर वैद्यकीय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. त्वचेचा दाह आणि त्यातील प्रतिकारपेशींचे वर्तन हा त्यांच्या तेथील कामाचा विषय होता. त्यानंतर अमेरिकेत बोस्टन येथे, हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांनी संशोधन केले. एका विशिष्ट प्रकारच्या टी-पेशी उंदरांमधील त्वचेच्या कर्करोगाचा जोरदार प्रतिकार करतात, हे दाखविणारा त्यांचा व सहकाऱ्यांचा निबंध २०१२ साली ‘नेचर मेडिसिन’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शरीराच्या पहारेकऱ्यांनाच कर्करोगाविरुद्ध उभे करावे, ही त्यांच्या पुढील कार्याची दिशा त्यात स्पष्ट दिसते.

२०१३ मध्ये ते मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेच्या जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात रुजू झाले. परदेशात प्रगत प्रयोगशाळा सोडून स्वदेशी परतणाऱ्या संशोधकापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात, त्या येथेही होत्या. विषाणुवाहक आयात करणे परवडणारे नव्हते. तो येथेच तयार करणे भाग होते. शिवाय अभियांत्रिकी संस्थेला स्वतःचे रुग्णालय नसते. ही उणीव टाटा स्मारक केंद्राने भरून काढली. तेथील बालरोग-कर्करोग विभागाचे डॉ. गौरव नरुला आणि प्रौढांच्या रक्तकर्करोगावर उपचार करणारे डॉ. हसमुख जैन या कामात सहभागी झाले. एका बाजूस पेशी घडविणारे अभियंते आणि दुसऱ्या बाजूस रुग्णाच्या खाटेशी उभे राहणारे डॉक्टर, असा हा संयोग होता.

घोडा, उंदीर आणि माणूस

या संशोधनातील सर्वांत लक्षणीय गोष्ट समजण्यासाठी पुन्हा सर्पदंशाच्या लसीकडे वळावे लागेल. ती लस प्राण वाचविते, पण काही रुग्णांना तिच्यामुळे पुरळ, थंडी-ताप किंवा क्वचित तीव्र धक्का बसतो. म्हणूनच ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. घोड्याच्या शरीरातील प्रथिने माणसाच्या शरीराला परकी वाटतात, हे याचे कारण.

परदेशात प्रथम मान्यता मिळालेल्या कार-टी उपचारांत हीच अडचण वेगळ्या रूपाने होती. संमिश्र ग्राहकाचे शत्रू ओळखणारे टोक उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेले होते. ते परके ठरल्यास शरीर औषधी पेशींनाच नष्ट करण्याची शक्यता राहते. डॉ. पुरवार यांच्या प्रयोगशाळेने या टोकाची रचना बदलून ती मानवी प्रतिपिंडाच्या जवळ नेली. अलका द्विवेदी, अथर्व कारुळकर आणि सहकाऱ्यांचा याविषयीचा निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पेशी कर्करोगाच्या पेशींना परिणामकारक रीतीने मारतात आणि दाह वाढविणारी द्रव्ये मात्र कमी प्रमाणात सोडतात, असे प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील चाचण्यांत दिसून आले.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. टी-पेशींनी एकाच वेळी मोठा हल्ला केला म्हणजे रुग्णाला तीव्र ताप येतो, रक्तदाब उतरतो, प्रसंगी अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. हा त्रास जितका सौम्य, तितका रुग्णालयातील मुक्काम कमी आणि खर्चही कमी.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात

२०१८ साली संस्थेच्या परिसरातच ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी स्थापन झाली. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने राष्ट्रीय बायोफार्मा मोहिमेतून रुग्णांवरील चाचण्यांसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. ४ जून २०२१ रोजी, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन केंद्रात भारतातील पहिला कार-टी उपचार देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने औषधाला केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे समारंभपूर्वक लोकार्पण झाले.

चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अभ्यासात ६४ रुग्ण होते. रोग उलटलेल्या किंवा इतर औषधांना दाद न देणाऱ्या या रुग्णांपैकी ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला, त्यांतील सुमारे ७३ टक्के रुग्णांत उपचाराला प्रतिसाद मिळाला. मात्र दोन रुग्ण उपचाराच्या गुंतागुंतीमुळे दगावले, हेही त्याच निबंधात नोंदविले आहे. प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. काही रुग्णांत रोग पुन्हा उलटतो. निरोगी बी-पेशीही मारल्या जात असल्याने जंतुसंसर्गाचा धोका पुढेही राहतो. या जातीच्या उपचारानंतर क्वचित दुसरा कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा औषधावर छापण्याचा आदेश अमेरिकेच्या नियामकाने २०२४ मध्ये दिला. यश आणि मर्यादा दोन्ही सांगणे, हेच शास्त्राला शोभणारे असते.

किमतीचा प्रश्न

वाहक येथेच घडविला, पेशी येथेच पोसल्या, त्यामुळे या उपचाराची किंमत परदेशातील किमतीच्या सुमारे एकदशांशावर आणता आली. मान्यतेच्या सुमारास ती तीस ते चाळीस लाख रुपयांच्या घरात असल्याचे प्रसिद्ध झाले होते. संशोधकांचे हे मोठे यश आहे, यात शंका नाही.

परंतु हाच आकडा शिराळ्याच्या अंगणात आणून पाहिला पाहिजे. डोंगरउतारावर भात आणि नदीकाठी ऊस पिकविणाऱ्या लहान शेतकऱ्याला तीस लाख आणि तीन कोटी यांत फारसा फरक नसतो. दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेरचेच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या उपचाराची किंमत त्याच्या कित्येक पट होते. म्हणून प्रयोगशाळेचे काम संपले तरी संशोधनाचे काम संपलेले नाही. वाहकाचे उत्पादन वाढविणे, उपचारकेंद्रे वाढविणे, विमा आणि शासकीय साहाय्य यांची सांगड घालणे हे त्याचे पुढचे टप्पे आहेत. प्रतिविषाची लस एकेकाळी मोठ्या शहरांपुरती होती. ती गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचली, तेव्हाच तिचे सार्थक झाले.

गावपातळीवर काय करता येईल?

असे उपचार मोठ्या नगरांत होत असले, तरी त्यांचे यश-अपयश बहुतांशी गावातच ठरते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. दीर्घकाळ न उतरणारा ताप, चेहऱ्यावरील फिकटपणा, अंगावर कारण नसता उठणारे काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त येणे, मानेत किंवा काखेत न दुखणाऱ्या गाठी ही लक्षणे आढळल्यास विनाविलंब रक्ततपासणी करून घ्यावी. लक्षणे इतर साध्या आजारांचीही असू शकतात. तपासणी केल्यावाचून निर्णय करू नये, एवढाच याचा अर्थ.

दुसरी गोष्ट उपचारांच्या क्रमाची. बालकांतील तीव्र लसिकापेशीय रक्तकर्करोग बहुसंख्य मुलांत नेहमीच्या औषधोपचारानेच बरा होतो आणि शासकीय योजनेत कर्करोगावरील औषधोपचाराचा समावेश आहे. जनुकोपचार हा रोग उलटल्यानंतरचा उपाय आहे. भारतीय औषधाला मान्यता मिळाली ती पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या, बी-पेशींच्या कर्करोगाच्या अशाच रुग्णांसाठी. स्तन, मुख, गर्भाशयमुख किंवा फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी ते नाही. त्याच्या ओढीने हाती असलेला सिद्ध उपचार अर्धवट सोडणे घातक ठरेल.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. नव्या शोधाचे नाव घेऊन भाबड्या कुटुंबांना लुबाडणारे लोक असतात. जमीन गहाण टाकण्यापूर्वी किंवा गावाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : रोगाचा प्रकार तपासणीने निश्चित झाला आहे काय? या रोगासाठी या औषधाला नियामकाची मान्यता आहे काय? उपचार देणाऱ्या रुग्णालयाला त्याचा अनुभव आहे काय? यांपैकी एकाचेही लेखी उत्तर मिळत नसेल, तर टाटा स्मारक रुग्णालयासारख्या मान्यताप्राप्त संस्थेचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

चौथी गोष्ट गैरसमजांची. ‘जनुक बदलले तर पुढची पिढी बिघडेल’ अशी भीती पसरू शकते. बीटी कपाशीच्या बियाण्यात बसविलेले जनुक पुढच्या पिढीत उतरते, हे खरे. पण या उपचारात बदल होतो तो रुग्णाच्या रक्तातील काही पेशींपुरता. बीजपेशींना त्याचा स्पर्श होत नाही, त्यामुळे तो मुलाबाळांत उतरत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा फरक वर्गात आवर्जून समजावून द्यावा.

शिराळ्याने नागाची भीतीही पाहिली आहे आणि त्याच्या विषापासून सिद्ध झालेल्या लसीने वाचलेले प्राणही पाहिले आहेत. भीतीची जागा ज्ञानाने घेतली की घातक गोष्टही उपकारक ठरते, हा धडा या भूमीला नवा नाही. पवईच्या प्रयोगशाळेत विषाणूच्या बाबतीत तेच घडले. आता तेथील औषध आणि वारणा-मोरणेच्या खोऱ्यातील रुग्ण यांमधील अंतर कमी व्हावयाचे आहे. त्यातील किमतीचे अंतर शास्त्रज्ञ आणि शासन यांना कापावयाचे आहे. माहितीचे अंतर गावातील शाळा, ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र यांना आजपासूनच कापता येईल.